नुसती कीपअलाइव्ह बंद पडते तेव्हा: जोडीतल्या स्विचवर नव्याने काम करणाऱ्यांसाठी

व्हीपीसीची जोडी (म्हणजे सर्व्हरला एकच भासणारे दोन स्विच) नीट चालू असताना नुसती पिअर-कीपअलाइव्ह, म्हणजे दोघे चालू आहेत की नाही ते एकमेकांना सांगणारा दुवा, बंद पडली, तर वाहतुकीत काहीही बिघडत नाही. एकही सर्व्हर तुटत नाही, एकही तक्रार येत नाही, आणि मी फसलो तो नेमका इथेच. पोर्ट-चॅनल, एलएसीपी आणि व्हीलॅन तुम्हाला ठाऊक आहेत असे धरून पुढचे लिहीत आहे.

आयईईईचे ८०२.३एडी हे मानक २००० साली आले आणि २००८ मध्ये ते ८०२.१एएक्समध्ये गेले, त्याच्या मूळ रूपात पोर्ट-चॅनलच्या सगळ्या केबल प्रत्येक टोकाला एकाच उपकरणावर उतरतात. सिस्को नेक्ससवरच्या व्हीपीसीत दोन स्विच सर्व्हरला एकच एलएसीपी सिस्टम आयडी सांगतात, म्हणून त्याला समोर एकच स्विच दिसतो. त्यासाठी दोघांमध्ये दोन दुवे लागतात. पिअर-लिंकवरून मॅक पत्त्यांच्या नोंदी आणि गरज पडल्यास प्रत्यक्ष डेटा जातो; कीपअलाइव्हवरून दर सेकंदाला ‘मी चालू आहे’ एवढेच सांगणारे यूडीपी पॅकेट जाते.

पिअर-लिंक तुटली की सेकंडरी स्विच कीपअलाइव्हकडे पाहतो. प्रायमरी चालू असल्याचे तिच्यावरून कळले, तर सेकंडरी आपले व्हीपीसी पोर्ट आणि त्या व्हीलॅनच्या एसव्हीआय (व्हीलॅनचे आयपी पत्ते असलेले स्विचमधले आभासी इंटरफेस) बंद करतो व वाहतूक प्रायमरीवर जाते. पहिल्यांदा हे पाहताना धडकी भरते, पण घाबरू नका, ते तसेच व्हायला हवे. कीपअलाइव्ह आधीच गेलेली असेल, तर मात्र जोडीदारच बंद पडला असे समजून सेकंडरी स्वतः प्रायमरी होतो आणि सगळे पोर्ट चालू ठेवतो. हा क्रम पुन्हा सांगतो, कारण माझी रात्र त्याच्यातच गेली: आधी पिअर-लिंक आणि मग कीपअलाइव्ह गेली, तर ऑटो-रिकव्हरी (अशा वेळी पोर्ट आपोआप उघडणारी सेटिंग) नसल्यास सेकंडरीचे पोर्ट बंदच राहतात, आधी कीपअलाइव्ह आणि मग पिअर-लिंक गेली, तर दोघेही प्रायमरी होतात.

आमच्याकडे कीपअलाइव्हसाठी वेगळी केबल होती. रॅकमधल्या केबल नीट बांधताना तिचे टोक माझ्या हातून सैल झाले. लॉगमध्ये तशी ओळ आली, ती मी वाचली, सर्व्हर चालू आहेत हे पाहिले आणि उद्या बघू म्हणून सोडून दिली. नऊ दिवसांनी एक लाइन कार्ड (स्विचमधले पोर्ट असलेले कार्ड) बंद पडले, आणि पिअर-लिंकच्या दोन्ही केबल त्याच कार्डावर होत्या.

सगळे एकदम तुटले असते, तर कारण लवकर सापडले असते. एक स्विच एआरपीने (आयपी पत्त्यावरून मॅक पत्ता शोधण्याची पद्धत) पत्ता विचारत होता, सर्व्हर उत्तर देत होता, पण सर्व्हरचा हॅश (कोणत्या केबलवरून पाठवायचे ते ठरवणारे गणित) ते उत्तर दुसऱ्या स्विचच्या केबलवर टाकत होता. एरवी ते पिअर-लिंकवरून विचारणाऱ्याकडे पोहोचले असते, त्या रात्री ते वाटेतच संपत होते. नेक्ससवर एआरपीची नोंद मूळ सेटिंगप्रमाणे १५०० सेकंद टिकते. त्यामुळे जुन्या नोंदी होत्या तोवर काम चालले, आणि मग ज्यांची उत्तरे अशी उलट्या बाजूला जात होती ते सर्व्हर एकेक करून दिसेनासे झाले. सर्व्हरवर पाहिले, तर बाँडमधल्या (सर्व्हरच्या बाजूच्या पोर्ट-चॅनलमधल्या) दोन्ही केबल शाबूत, कारण दोन्ही स्विच अजून तोच सिस्टम आयडी सांगत होते. मी दोन तास सर्व्हरच तपासत बसलो.

एक स्विच रीबूट करून ‘फेलओव्हर तपासला’ असे लिहून टाकणे ही माझ्या मते सर्वांत घातक पळवाट आहे. रीबूटमध्ये जोडीदार खरोखरच गेलेला असतो, त्यामुळे उरलेल्याचा निर्णय बरोबर ठरणारच. नुसती पिअर-लिंक काढून पाहा, मग नुसती कीपअलाइव्ह काढून पाहा. व्हर्च्युअल लॅबमध्येही हे जमते. दुसऱ्याची कॉन्फिगरेशन जशीच्या तशी उतरवण्याच्याही मी विरोधात आहे, कारण तिच्याबरोबर डोमेन क्रमांकही येतो, आणि एकमेकींना जोडलेल्या दोन जोड्यांचा क्रमांक सारखा असला की सिस्टम आयडीही सारखा होऊन त्यांच्यामधले पोर्ट-चॅनल जुळत नाही. शिकवणारा निवडता आला, तर कमांड भराभर सांगणाऱ्यापेक्षा ‘ही केबल काढली तर काय होईल, ते आधी लिहून दाखव’ म्हणणारा निवडा. मला तो त्या रात्रीनंतर भेटला.

बाकी बऱ्याच गोष्टी दिसतात तितक्या भीतिदायक नसतात. रीबूट होऊन आलेला स्विच व्हीपीसी पोर्ट लगेच उघडत नाही, मूळ सेटिंगप्रमाणे ३० सेकंद थांबतो. तेवढा वेळ हात आवरा. पिअर-लिंकच्या केबल मात्र दोन वेगळ्या कार्डांवरच लावा, त्यात तडजोड नको. ‘शो व्हीपीसी’ दिल्यावर मी आधी कीपअलाइव्हची ओळ पाहतो. तिच्यावर आता पिअर-लिंकइतक्याच तातडीचा ॲलर्ट लावला आहे, आणि तो आला की वाहतूक सुरळीत असली तरी मी त्याच दिवशी रॅकपाशी जाऊन केबलचे टोक हाताने तपासतो.