चर्चच्या रजिस्टरात पणजोबा शोधायला निघताना

मागच्या पावसाळ्यात मिरजेहून साताऱ्याला गेलो होतो, पणजोबांच्या बाप्तिस्म्याची नोंद शोधायला. पाळकसाहेबांनी कपाट उघडून दिलं, टेबल दिलं, चहा दिला. मी चार तास आडनाव शोधलं आणि हात हलवत परत आलो. नोंद तिथंच होती, माझ्या बोटाखालून गेलेली. दुसऱ्या खेपेला सापडली: ‘याकोब बिन सत्वा, वय अदमासे ३०, बायको व दोन मुले’, आणि पुढं गावाचं नाव. बिन म्हणजे अमक्याचा मुलगा. आडनाव नाहीच. ते आमच्या घरात आलं आजोबा मिशन हॉस्पिटलात कंपाउंडर लागले तेव्हा, गावाच्या नावावरून. आत्याला हे सगळं माहीत होतं. मी तिला विचारलंच नव्हतं.

म्हणून आधी नावांचा कागद. बाकी काही नंतर. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसापाशी एक दुपार बसा आणि प्रत्येकाची सगळी नावं लिहून घ्या: जन्माचं, बाप्तिस्म्याचं, हाक मारायचं, बापाचं, गावाचं. बायकांची माहेरची आणि सासरची दोन्ही. बाप्तिस्मा झाला म्हणजे नाव बदललंच असं धरू नका. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला आणि ते नारायणच राहिले. उलट एखादा सत्वा कागदोपत्री शमुवेल झालेला असतो आणि घरात मरेपर्यंत सत्वाच. रजिस्टर इंग्रजीत असेल तर साहेबाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं स्पेलिंग असतं. त्यामुळं कागदावरचं प्रत्येक नाव मोठ्यानं म्हणून बघा आणि किती तऱ्हांनी लिहिता येईल ते शेजारी मांडा. आडनाव सगळ्यात खाली लिहा. त्याच्या नादानं माझा पूर्ण दिवस गेला.

मग मिशन कुठलं ते ठरवा. सातारा, वाई हा अमेरिकन मराठी मिशनचा मुलूख. साताऱ्यात त्यांचं ठाणं १८४९ पासून. सांगली-मिरज मात्र प्रेसबिटेरियन या दुसऱ्या प्रॉटेस्टंट पंथाच्या मिशनकडं, सांगलीत १८८४ आणि मिरजेत १८९२ पासून. नोकरीसाठी माणसं इकडून तिकडं गेली, म्हणून बाप्तिस्मा एका मंडळीत (म्हणजे गावच्या चर्चमध्ये), लग्न दुसऱ्या आणि माती तिसऱ्या गावात असं होतं. १९७० साली बऱ्याच मंडळ्या चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या अनेक पंथ मिळून झालेल्या चर्चमध्ये गेल्या, तेव्हा पाटीवरचं नाव बघून घोटाळा करून घेऊ नका. मिशनऱ्यांची पत्रं आणि अहवाल परदेशात आहेत, अमेरिकन मराठी मिशन चालवणाऱ्या अमेरिकन बोर्डाचे हार्वर्डला आणि प्रेसबिटेरियनांचे फिलाडेल्फियाला. ते पुढचं काम. आधी गावातलं कपाट.

जाण्याआधी फोन करा. पाळकांच्या बदल्या होतात आणि कपाटाची किल्ली कधी सेक्रेटरीकडं असते. रविवारी सकाळी जाऊ नका, नाताळच्या आणि उत्तम शुक्रवारच्या आठवड्यात तर मुळीच नको. आणि नावांचा कागद पिशवीत घातला का ते बघा.

बरोबर पेन्सिल घ्या, पेन नको. भिंग घ्या. पानं उलटताना बोटाला थुंकी लावायची नाही. शंभर वर्षांचा कागद कोपऱ्यावर पापडासारखा मोडतो, मी मोडलेला बघितलाय. फोटो विचारल्याशिवाय काढू नका. परवानगी मिळाली तरी फ्लॅश बंद.

बाप्तिस्म्याची तारीख म्हणजे जन्मतारीख नव्हे. मोठ्या माणसाच्या नोंदीत वय अंदाजानं असतं, पाच-सात वर्षं इकडंतिकडं धरा. १८९९-१९०० च्या दुष्काळात मिशनच्या बोर्डिंगात आलेल्या पोरांच्या नोंदीत कधी आईबापांची जागाच कोरी असते. तिथं पोराचं हाकेचं नाव हाच एक धागा उरतो, आणि ते तुमच्या कागदावर नसेल तर ती ओळ तुमची असूनही तुम्ही पुढं जाल. मी गेलो तसे.

नोंद सापडली की रजिस्टरचं नाव, पान आणि तारीख लगेच उतरवा. मग लग्नाचं रजिस्टर, सभासदांची यादी, दफनाचं. वेळ असेल तर कबरस्तान. उन्हं कलायच्या आत, पायात बूट, अक्षरं पुसट असतील तर नुसतं पाणी शिंपडा, खरवडू नका. दानपेटीत जमेल ते टाका.

घरी पोचलात की त्याच रात्री आत्याला फोन लावा. रजिस्टरातली नावं तिला एकेक करून वाचून दाखवा, तिला आणखी दोन आठवतील. तीही कागदावर लिहा.