जंतांना दाद न देणारी गावरान कोंबडी कशी निवडावी

एकाच खुराड्यात राहून एकाच उकिरड्यावर चरणाऱ्या कोंबड्यांपैकी काहींच्या आतड्यात जंतांचा सुळसुळाट असतो, तर काहींच्या आतड्यात ते मोजकेच सापडतात. याचे एक कारण आनुवंशिक आहे. इजिप्तमधील फायूमी जात आयमेरिया या एकपेशीय परजीवीमुळे होणाऱ्या रक्ती हगवणीला लेगहॉर्नपेक्षा चांगली तोंड देते, आणि गोल जंतांच्या बाबतीतही जातीजातींत, तसेच एकाच जातीतील पक्ष्यापक्ष्यांत फरक आढळतो. गोल जंतांसाठी अशी निवड परसातही करता येते.

प्रथम फाल्गुन-चैत्रात एकाच आठवड्यात अंड्यातून निघालेल्या पिल्लांच्या पायांत निरनिराळ्या रंगांची कडी घालून ती एकत्रच वाढवावीत. वयाने मोठ्या पक्ष्यात आधीच्या लागणीमुळे आलेली प्रतिकारशक्ती असते. ती उपजत समजण्याची चूक यामुळे टळते.

मृगानंतर जमीन ओली राहते, तेव्हा जंतांची अंडी तग धरतात आणि लागण वाढते. पोटात गेलेला गोल जंत अंडी घालू लागेपर्यंत साधारण 5 ते 8 आठवडे जातात, म्हणून नमुने भाद्रपदात घ्यावेत. तोवर कळपाला जंतनाशक देऊ नये; मात्र एखादा पक्षी मलूल झाला, तर त्याला औषध द्यावे आणि निवडीतून वगळावे. मराठवाड्यात खरी अडचण आखाडाची असते, कारण अंगाने भरलेला कोंबडा मोजणीआधीच पातेल्यात जातो. निदान चार-पाच कोंबडे तरी राखून ठेवावेत.

नमुन्यासाठी प्रत्येक पक्ष्याला काही तास वेगळे डालून त्याची ताजी विष्ठा घ्यावी. तपकिरी, चिकट विष्ठा आंधळ्या आतड्यातून, म्हणजे आतड्याच्या एका टोकाला बंद असलेल्या फाट्यातून, येते. ती टाळून घट्ट विष्ठा घ्यावी आणि कड्याचा रंग लिहिलेल्या डबीत थंड जागी ठेवावी. अंड्यांची संख्या रोज बदलते, त्यामुळे काही दिवसांच्या अंतराने तीनदा नमुने घेतल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

मिठाच्या संपृक्त द्रावणात जंतांची अंडी वर तरंगतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली एका ग्रॅममागे किती आहेत ते मोजता येते. आंधळ्या आतड्यातील जंताची अंडी गोल जंताच्या अंड्यांसारखीच दिसतात, म्हणून हे काम जाणकाराकडून करून घ्यावे. परभणी आणि उदगीर येथे पशुवैद्यक महाविद्यालये आहेत. तेथे चौकशी करावी.

तिन्ही वेळा कमी अंडी आढळलेले पक्षीच पैदाशीला ठेवावेत. तुकतुकीत पिसांवर भुलू नये, कारण पोटात भरपूर जंत असूनही धडधाकट दिसणारा पक्षी इतरांना लागण देतच राहतो. कोंबडा निवडताना विशेष काटेकोर असावे. एकच कोंबडा आठ-दहा कोंबड्यांच्या पिल्लांना आपला निम्मा वारसा देतो. त्याबरोबर कोंबड्यांचे अंडी देणे आणि खुडूकपणाही पाहावा, आणि रक्ताची जवळीक वाढू नये म्हणून अशीच मोजणी करणाऱ्या दुसऱ्या घरच्या कोंबड्याशी अदलाबदल करावी. पुढच्या भाद्रपदात पिल्लांची मोजणी याच रीतीने, त्याच आवारात करावी.