कोलंबोच्या माउंट लॅव्हिनिया हॉटेलला राहायचं असेल तर हे वाचून जा

श्रीलंकेला जाणारे आपल्याकडचे बरेच लोक कोलंबोत एक रात्र काढतात आणि सकाळी उठून कँडी नाहीतर बेंटोटा गाठतात. त्या एका रात्रीसाठी माउंट लॅव्हिनिया हॉटेल बुक करू नका, अजिबात नको. रात्री दहाला चेक-इन आणि सकाळी आठला टॅक्सी असं असेल तर विमानतळाजवळ काटुनायके-निगंबोकडेच राहा, पैसे वाचतील. हे हॉटेल घ्यायचं तर किमान दोन रात्री घ्या आणि मधला एक अख्खा दिवस कुठेही न जाता तिथेच काढा. इथे आपण पैसे मोजतो ते त्या जागेचे, खोली त्यात दुय्यम.

जागा काय आहे ते आधी सांगते. कोलंबोच्या दक्षिणेला साधारण बारा किलोमीटरवर समुद्रात घुसलेलं एक टेकाड आहे, त्यावर ही इमारत आहे. 1805 मध्ये ब्रिटिश गव्हर्नर म्हणून आलेल्या सर थॉमस मेटलंडने इथे स्वतःसाठी बंगला बांधला, पुढे एडवर्ड बार्न्स या गव्हर्नरने तो वाढवून मोठा केला, आणि रेल्वे आल्यावर त्याचं हॉटेल झालं. मेटलंड आणि लोविनिया नावाच्या नर्तकीची गोष्ट तर तिथे सगळेच सांगतात, की ती तिच्या घराजवळच्या विहिरीतून भुयाराने थेट गव्हर्नरच्या वाइन ठेवायच्या तळघरात यायची. दंतकथा म्हणूनच ऐकायची, पण ऐकायची जरूर, आणि दारातल्या कारंज्यात तिचा पुतळा आहे तो आत घुसायच्या घाईत राहून जातो तो बघा.

आता बुकिंग. डिसेंबर ते मार्च हा पश्चिम किनाऱ्याचा चांगला सीझन, मे ते सप्टेंबर तिकडे नैऋत्य मान्सून, म्हणजे आपल्या कोकणासारखाच समुद्र खवळलेला. पावसाळ्यात रेट उतरतात आणि गच्चीतून समुद्र बघायला मजा येते हे खरं, पण पोहणं विसरा. रेट बघताना शेवटी दोन अधिकचिन्हं आहेत का ते बघा, असतील तर 10 टक्के सर्व्हिस चार्ज आणि वर टॅक्स वेगळा लागणार, आणि 2024 पासून तिकडे व्हॅटच 18 टक्के आहे, म्हणजे बिल चांगलंच फुगतं. वेबसाइटवर स्वस्त रेट दिसला तर तो श्रीलंकेतल्या रहिवाशांसाठीचा तर नाही ना हेही तपासा.

खोली निवडताना ईमेल करून सरळ विचारा, खोली जुन्या भागात आहे की नंतर बांधलेल्या, समुद्र समोर दिसतो की खिडकीतून मान वाकडी करून, आणि खाली लग्नाचा हॉल आहे का. हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा! तिथे लग्नं खूप होतात आणि सिंहली लग्न म्हणजे कँडियन ढोल आलेच, वाजायला लागले की झोप वगैरे काही नाही. बघायला मात्र ते फार सुंदर असतं, वाजतगाजत येणारे नर्तक आणि जरीच्या टोपीतला नवरदेव, त्यामुळे मी तर म्हणेन शनिवारची दुपार गच्चीवर काढा पण झोपायचे दिवस सोमवार ते गुरुवार ठेवा. दीडशे-दोनशे वर्षांच्या समुद्रकाठच्या वास्तूत खाऱ्या हवेने कड्या गंजतात, दारं फुगतात, ते चालवून घ्यायची तयारी हवी. एकदम चकचकीत बाथरूम हवं असेल तर कोलंबोत नवी टॉवर हॉटेलं भरपूर आहेत.

कॅलेंडरमध्ये पौर्णिमा बघून ठेवा. दर पौर्णिमेला तिकडे पोया म्हणजे सुट्टी असते आणि दारू कुठेच मिळत नाही, हॉटेलच्या बारमध्येही नाही. गच्चीवर अॅरॅक म्हणजे तिकडची नारळाच्या ताडीची दारू घेऊन सूर्यास्त बघायचं डोक्यात असेल तर त्या दिवशी थांबिलीवर म्हणजे केशरी शहाळ्यावर भागवावं लागेल. तेही काही वाईट नाही.

जायला टॅक्सी आहेच, पिकमी अॅप टाकून घ्या. पण सामान कमी असेल तर एकदा तरी कोलंबो फोर्ट स्टेशनवरून लोकल पकडा, दक्षिणेकडे जाताना उजवीकडे बसा किंवा दारात उभे राहा, कोल्लुपिटियापासून पुढे समुद्र इतका जवळ येतो की लाटेचे तुषार कळतात. ऑफिसच्या वेळा मात्र टाळा, आपल्या विरार लोकलची सवय असली तरी बॅगा घेऊन नको. माउंट लॅव्हिनिया स्टेशनवर उतरलं की हॉटेल चालत गाठता येतं.

मग तो मोकळा दिवस. सकाळी ऊन चढायच्या आत बीचवर उतरा, पाण्यात जाण्याआधी झेंडा बघा आणि लाल असेल तर घोट्यापलीकडे जाऊ नका, तिथली पाण्याची ओढ फसवी आहे. नाश्त्याला अप्पम आणि इंडीअप्पा घ्याच, इंडीअप्पा म्हणजे आपले शिरवाळेच, फक्त गोड रसाऐवजी परिप्पू म्हणजे डाळ आणि पोल सांबोल म्हणजे ओल्या नारळाच्या तिखट चटणीबरोबर खातात. कुठे किरीबथ दिसला तर सोडू नका, नारळाच्या दुधातला भात थापून शंकरपाळ्यासारखा कापलेला असतो, वर लाल तिखट लुणुमिरिस. शाकाहारी लोकांनी एक लक्षात ठेवा, सांबोल आणि बऱ्याच भाज्यांमध्ये सुक्या माशाचा चुरा, उंबलकड, घालतात आणि तो दिसत नाही. त्यामुळे नुसतं "व्हेज आहे का" विचारून उपयोग नाही, "उंबलकड नको" असं नाव घेऊन सांगा, लगेच समजतं.

दुपारी खोलीत पडून राहू नका, जुन्या भागातून फिरा, पॅसेज आणि जिने बघा, कुणी जुना कर्मचारी मोकळा दिसला तर लोविनियाची गोष्ट विचारा, आनंदाने सांगतात. साडेपाचच्या आत गच्चीवर कठड्याजवळची जागा धरा, कारण बाहेरचे लोकही सूर्यास्ताला येतात. उत्तरेकडे बघितलं तर किनाऱ्याची पूर्ण वळणदार रेघ आणि टोकाला कोलंबोचे टॉवर दिसतात. अंधार पडल्यावर जेवायला बीचवरच्या शॅक्समध्ये जायचं असेल तर बऱ्याच ठिकाणी रेल्वेचे रूळ ओलांडावे लागतात, मुलांचा हात धरा आणि मोबाइल खिशात ठेवा. मासा घेताना वजन आणि भाव आधी ठरवून घ्या.

पैशाचं म्हणाल तर फेब्रुवारी 2024 पासून तिकडे बऱ्याच दुकानांत आपलं यूपीआय चालतं, पण रिक्षा आणि शहाळेवाल्यासाठी सुट्टे श्रीलंकन रुपये हवेतच. ईटीए म्हणजे जाण्याआधी ऑनलाइन काढायच्या प्रवास परवानगीचे नियम सारखे बदलतात म्हणून तिकीट काढायच्या आधी सरकारी साइटवरच बघा, एजंटच्या साइटवर नाही. प्लगसाठी तीन चौकोनी पिनांचा अॅडॉप्टर न्या.

परतीच्या दिवशी विमानतळ शहराच्या पार दुसऱ्या टोकाला आहे हे विसरू नका, पूर्ण कोलंबो ओलांडून मग एक्सप्रेसवे लागतो. संध्याकाळची फ्लाइट असेल तर दोन तास नुसते रस्त्याचे धरा आणि ट्रिपच्या शेवटी हे हॉटेल ठेवलं असेल तर आदल्या रात्रीच रिसेप्शनला लेट चेक-आउट विचारून ठेवा.