गुडघे दुखतात? पोहता येत नसलं तरी टँकमध्ये उतरा

आधी एक सांगते, सांधेदुखीसाठी पाण्यात व्यायाम करायला पोहता यायला लागत नाही, डोकंसुद्धा भिजवायचं नाही. छातीपर्यंतच्या पाण्यात उभं राहून हालचाली करायच्या, बस. कमरेइतक्या पाण्यात पायांवर शरीराचं जवळपास निम्मंच वजन येतं आणि छातीपर्यंत गेलात की त्याहून कमी, साधारण पाव ते एक तृतीयांश, त्यामुळे जिना चढताना 'आई गं' करणारी मंडळी पाण्यात मजेत चालतात.

डॉक्टरांना मात्र विचारूनच जा, खासकरून हार्टचा त्रास, फिट्स, कंट्रोलमध्ये नसलेलं बीपी किंवा नुकतंच ऑपरेशन झालेलं असेल तर. सांधा लाल, गरम, सुजलेला असेल त्या दिवशी सुट्टी.

पाणी कोमट हवं, २८ ते ३१ डिग्री असलं तर छान. आपल्याकडचे उघडे टँक डिसेंबरात बर्फ असतात, आणि पहाटे सहाची बॅच घेऊन कुडकुडत सांधे आखडून घेण्यात काय अर्थ आहे? आमवात असेल तर सकाळी तसेही सांधे धरलेले असतात, त्यामुळे दुपारची बॅच बघा. फी भरायच्या आधी आत उतरायला कठड्याच्या पायऱ्या आहेत का तेही बघून या, नुसती उभी लोखंडी शिडी असेल तर दुखऱ्या गुडघ्याचं काही खरं नाही. कॉश्च्युमची लाज वाटत असेल तर फुल साइजचे मिळतात, बिनधास्त घ्या.

आत गेलात की पाच मिनिटं नुसतं चाला. आधी टाच टेकवायची, मग चवडा, पाठ ताठ. मग उलटं चाला, मग कठडा धरून खेकड्यासारखं आडवं. त्यानंतर कठडा धरूनच एकेक पाय पुढे, मागे, बाजूला, आठ-दहा वेळा. टाचा उचलायच्या, सावकाश टेकवायच्या. खांदा दुखत असेल तर गुडघे थोडे वाकवून खांदे पाण्याखाली न्या आणि हात फक्त पाण्याच्या पृष्ठभागापर्यंतच वर आणा, हात बाहेर काढला की पाण्याचा आधार गेलाच. बोटांसाठी पाण्यातच मूठ मिटायची-उघडायची. आणि सगळं हळू, कारण वेग दुप्पट केला की पाण्याचा विरोध साधारण चौपट होतो. पुढे ताकद वाढवायची असेल तेव्हा हेच कामाला येतं, पण आत्ता नको.

खरी गंमत पुढेच आहे. पाण्यात दुखत नाही म्हणून माणूस पहिल्याच दिवशी तासभर डुंबतो आणि रात्री मग बाम शोधत बसतो. पहिल्यांदा १०-१५ मिनिटंच करा. व्यायामानंतर दोन तासांनीही नेहमीपेक्षा जास्त दुखत असेल तर पुढच्या वेळी कमी करायचं, नाहीतर हळूहळू अर्ध्या तासापर्यंत न्यायचं.

बाहेर येताना एकदम वजन आल्यासारखं वाटतं, पाय लटपटतात, म्हणून रेलिंग धरून, पायरीवर थांबत थांबत या. टँकच्या कडेच्या ओल्या फरशीवर ग्रिपवाली चप्पल हवीच. लगेच अंग पुसा, कोरडे कपडे घाला, पाणी प्या, कारण पाण्यात घाम आलेला कळत नाही.

जवळ टँकच नसेल तर बोटांचा आणि मनगटाचा व्यायाम घरी कोमट पाण्याच्या टबात होतो, फक्त पाणी आधी कोपराने तपासा, विशेषतः डायबेटीसमुळे हाताची संवेदना कमी झाली असेल तर.