हायब्रिड टीम चालवताना या चुका टाळा

वाकडहून हिंजवडीला पोहोचायला सव्वा तास, आणि डेस्कवर बसल्यावर पहिलं काम काय, तर हेडफोन लावून घरी बसलेल्यांशी कॉल! काही दिवस ऑफिसातून, काही दिवस घरून काम करणाऱ्या तुमच्या हायब्रिड टीमचंही असंच होत असेल, तर ‘आठवड्यातून कुठलेही दोन दिवस या’ हा नियम आधी मोडीत काढा. ऐकायला तो उदार वाटतो, पण तुम्ही मंगळवारी येता आणि ज्याच्याशी बोलायचं तो बुधवारी. टीमचे दिवस एकच ठेवा आणि नव्या माणसाला शिकवणं, डिझाइनवरची भांडणं अशी समोरासमोरची कामं त्याच दिवशी उरका. पुण्यात दुरुस्तीसाठी वीज जाते ती बहुधा गुरुवारी, म्हणून आम्ही गुरुवार ऑफिसचा ठेवला. घरच्या इन्व्हर्टरची चिंता मिटली.

यापेक्षा जास्त महागात पडते ती दुसरी चूक: टपरीवर ठरलेलं टपरीवरच राहतं. तिघं चहा प्यायला खाली जातात, तिथे रिलीजची तारीख बदलते, आणि घरून काम करणारी टेस्टर दोन दिवस जुन्याच तारखेच्या मागे धावत राहते. आमच्याकडे नेमकं हेच झालं, आणि चहा पिणाऱ्यांत मीही होतो. ‘अरे, ते तर परवाच ठरलं ना!’ हे वाक्य वारंवार कानावर पडू लागलं की समजा, दुखणं हेच आहे. उपाय कंटाळवाणा आहे: जागेवर परतल्यावर टीमच्या चॅनलवर तीन ओळी टाका. काय ठरलं, का ठरलं, कोण करणार. ‘का’ वगळू नका. महिन्याभराने तोच वाद पुन्हा निघतो तो ‘का’ न लिहिल्यामुळेच. गिटलॅब ही कंपनी कामाच्या पद्धती लिहून ठेवते आणि ते हँडबुक सगळ्यांसाठी खुलं असतं. एवढं आपल्याला झेपणार नाही, पण तीन ओळी झेपतात.

मीटिंग रूममध्ये सहा जण एका माइकभोवती बसले, तर घरच्यांना फक्त खुर्च्यांचे आवाज ऐकू येतात. प्रत्येकाने आपापल्या लॅपटॉपवरून जॉइन व्हा. खोलीतला एकच माइक आणि एकच स्पीकर चालू ठेवा, नाहीतर आवाज घुमतो.

मायक्रोसॉफ्ट टीम्स या ॲपवर माणूस ऑनलाइन असल्याचं दाखवणाऱ्या हिरव्या ठिपक्यावर पहारा देणंही सोडा. ट्रिप डॉट कॉम या प्रवासाचं बुकिंग करणाऱ्या कंपनीच्या 1,600 हून अधिक कर्मचाऱ्यांवर झालेला प्रयोग 2024 मध्ये ‘नेचर’ या विज्ञानाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आठवड्यातून दोन दिवस घरून काम करणाऱ्यांच्या कामगिरीत फरक पडला नाही, उलट नोकरी सोडणारे एक तृतीयांशाने घटले. ठिपका काय, माउस हलवूनही हिरवा राहतो. काम वेळेत झालं का, ते बघा.

न्यूयॉर्कशी कॉल असेल तर घड्याळं सांभाळा. तिथले सकाळचे 9 म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे 6:30 आणि हिवाळ्यात 7:30. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते, लंडन शेवटच्या रविवारी. दोन्हीकडची माणसं एकाच कॉलवर असतील तर मधल्या दोन-तीन आठवड्यांत कुणीतरी तासभर चुकतंच. इन्व्हाइट पाठवताना टाइम झोन निवडा, नुसती वेळ लिहू नका.