ट्यूबलेस टायर बसवायचाय? आधी रिम उजेडात धरा

सायकलच्या दुकानात गेल्यावर सगळी चौकशी टायरची होते. ट्यूबलेस जमणार की नाही, ते मात्र रिम ठरवते. त्यामुळे खरेदीच्या आधी जुना टायर, ट्यूब आणि रबरी पट्टी काढा आणि रिम आतून नीट पाहा.

मधोमध खोलगट चर असतो. चराच्या दोन्ही बाजूंना सपाट पट्टी आणि त्या दोन्हींच्या सीमेवर बोटाला लागेल असा बारीक उंचवटा असेल, तर रिम ट्यूबलेसची. टायरची कडा, म्हणजे बीड, त्या पट्टीवर बसते आणि हवा कमी झाली तरी उंचवटा तिला चरात घसरू देत नाही. उंचवटा नसलेल्या साध्या अलॉय रिमवर स्पोकची भोकं झाकणारी टेप लावून जुगाड करणारे आहेत. माउंटन बाइकच्या (एमटीबी) रुंद टायरवर तो टिकतोही, पण जोरात वळताना बीड सुटून फस्सकन हवा जाण्याची भीती कायम राहते. रोड सायकलवर हा प्रयोग नकोच. आणि दूधवाल्याच्या काळ्या सायकलची स्टीलची रिम असेल तर विषय संपला. तिला ट्यूबच बरी.

आता रिमची वरची कडा. ती आतल्या बाजूला आकड्यासारखी वळलेली असेल तर हुकवाली, भिंतीसारखी सरळ असेल तर हुकलेस. हुकलेसवर ५ बार, म्हणजे ७२.५ पीएसआय, ही कमाल मर्यादा आहे आणि टायरवरही हुकलेसला चालतो असं लिहिलेलं हवं. पंपाचे काटे चुकतात, म्हणून ६५ ला थांबलेलं शहाणपणाचं. वजनदार माणसाला २५ मिमी टायरमध्ये एवढी हवा पुरत नाही. हुकलेस रिम असेल तर २८ किंवा त्याहून रुंद टायर घ्या आणि रिम बनवणाऱ्याने सांगितलेली किमान रुंदी बघा.

काही रिमच्या तळाला स्पोकची भोकंच नसतात. मॅविक कंपनीने १९९९ मध्ये आणलेली यूएसटी पद्धत हीच. अशा रिमला टेप लागत नाही, फक्त व्हॉल्व्ह.

मापासाठी इंचांवर विसंबू नका. टायरच्या बाजूवर २८-६२२ असं काहीतरी छापलेलं असतं: पहिला आकडा रुंदीचा, दुसरा बीडच्या व्यासाचा, दोन्ही मिमीमध्ये. ७००सी आणि २९ इंची दोन्ही ६२२, २७.५ म्हणजे ५८४, जुनी २६ इंची एमटीबी ५५९. टायर ‘ट्यूबलेस रेडी’च हवा. साध्या रोड टायरची बीड दाबाखाली ताणते आणि रिमवरून उडते.

निम्म्याहून जास्त डोकेदुखी टेपमुळे होते, म्हणून इथे घाई नको. रिम आतून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या. टेप आतल्या रुंदीपेक्षा २ ते ३ मिमी रुंद घ्या, कारण तिला चरात उतरून पुन्हा वर चढायचं असतं. एमटीबीला एक फेरा पुरतो, रोडला दोन लागतात. ६२२ च्या रिमला एक फेरा म्हणजे सुमारे २ मीटर. दोन्ही चाकांना दोन-दोन फेरे द्यायचे तर साडेआठ मीटर धरा. व्हॉल्व्हच्या भोकापासून एक-दोन स्पोक सोडून सुरुवात करा, टेप चांगली ताणून धरत अंगठ्याने चरात दाबत जा आणि भोक ओलांडून १० सेमी पुढे संपवा. इलेक्ट्रिशियनची इन्सुलेशन टेप वापरू नका, तिचा गोंद सीलंटने, म्हणजे भोकं बुजवायला टायरमध्ये घालतात त्या द्रवाने, सुटतो. टेप लागली की व्हॉल्व्हचं भोक पाडा (कसं ते पुढे), ट्यूब घालून टायर चढवा, हवा भरा आणि रात्रभर तसंच ठेवा. टेप तळाला घट्ट बसते.

व्हॉल्व्हचं भोक गरम केलेल्या दाभणाने पाडा. चाकूने चिरलं तर चीर हवेच्या दाबाने वाढत जाते. प्रेस्टा, म्हणजे बारीक व्हॉल्व्हला ६.५ मिमीचं भोक लागतं. रिमला श्रेडरचं, म्हणजे मोटारसायकलसारख्या जाड व्हॉल्व्हचं, ८.५ मिमीचं असेल तर श्रेडरचाच ट्यूबलेस व्हॉल्व्ह घ्या. लांबी रिमच्या खोलीपेक्षा सुमारे २० मिमी जास्त आणि कोर, म्हणजे आतली बारीक झडप, काढता येणारा हवा. नट हातानेच आवळा. पक्कड लावली तर रस्त्यात नट सुटणार नाही आणि ट्यूब घालायची वेळ आली की अडकाल.

टायर चढवताना बाजूवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेला ठेवा. दुसरी बीड व्हॉल्व्हच्या समोरच्या टोकापासून सुरू करा आणि व्हॉल्व्हपाशी संपवा, कारण व्हॉल्व्हचं बूड तिथला चर अडवतं. शेवटचे १० सेमी अवघड वाटले तर बाकीची बीड चिमटीने चरात ढकलत आणा. चर खोल असल्यामुळे तेवढी ढील मिळते. साबणाचं पाणी लावा. लिव्हर प्लास्टिकचीच, स्क्रू-ड्रायव्हरने टेप फाटते.

सीलंट घालण्याआधी एकदा कोरडं फुगवून बघा, म्हणजे फसलं तरी घर चिकट होणार नाही. व्हॉल्व्हचा कोर काढा म्हणजे हवा एकदम आत जाईल, आणि फ्लोअर पंपाने भराभर मारा. ठॉक, ठॉक असे आवाज आले की बीड जागेवर बसतेय. टायर आणि रिम यांच्यात ज्याची मर्यादा कमी, तिच्यापुढे जाऊ नका. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर काम सोपं होतं, फक्त प्रेस्टाचा अडॅप्टर सोबत न्या आणि नळी त्याच्या हातात देऊन निर्धास्त होऊ नका. तरीही बसत नसेल तर ट्यूब घालून दोन्ही बाजू बसवा, मग एकच बाजू सोडवून ट्यूब काढा. आता एकाच बीडशी झगडायचंय.

टायरच्या बाजूवरची बारीक रेघ रिमच्या कडेपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली की हवा सोडा. बाटली मिनिटभर जोरात हलवा, नाहीतर भोक बुजवणारे कण तळाशीच राहतील. सिरिंजने व्हॉल्व्हमधून घाला: २८ मिमी रोड टायरला ३० ते ४० मिली, ४० मिमी ग्रॅव्हल (कच्च्या रस्त्याच्या) टायरला ६० मिली, २९ × २.२५ ला ९० ते १०० मिली. कोर लावा, हवा भरा, चाक हलवून फिरवा, प्रत्येक बाजूवर दहा मिनिटं आडवं ठेवा आणि लगेच एक चक्कर मारून या.

हवा उतरतेय? साबणाचं पाणी लावा आणि बुडबुडे कुठून येतात ते बघा. टायरच्या बाजूवर घामासारखे थेंब आले तर काळजी नको, एक-दोन दिवसांत थांबतात. व्हॉल्व्हपाशी असतील तर नट किंवा बूड नीट बसलेलं नाही. स्पोकच्या निपलमधून येत असतील तर टेप गळतेय. सीलंट वाढवून ते सुटत नाही, टेप नव्यानेच लावा. उंच कार्बन रिममध्ये तर दाबाची हवा पोकळीत शिरली की रिम फुटूही शकते.

हवा किती? ७० किलोच्या सायकलस्वारासाठी सुरुवात अशी: २८ मिमी हुकवाल्या रिमवर ६५, ३२ मिमीला ५०, ४० मिमीला ३५, २.२५ इंचीला २२ पीएसआय. मागच्या चाकात दोन-तीन जास्त, पावसाळ्यात ओल्या घाटात दोन्हींत दोन-तीन कमी. खड्ड्यात रिम ठक्कन लागली तर वाढवा, वळणावर टायर लिबलिबीत वाटला तर वाढवा, हाताला झिणझिण्या आल्या तर कमी करा.

सराटा किंवा बाभळीचा काटा शिरला तर लगेच उपटू नका. बरेचदा तोच बूच असतो. घरी गेल्यावर काढा आणि भोक खाली येईल असं चाक ठेवा. भोकातून सीलंट उडतंय आणि थांबत नाही, तर प्लग, म्हणजे भोकात कोंबायची रबरी वात. प्लग सायकलचा बारीकच हवा. मोटारसायकलची जाड पट्टी कोंबली की रोड टायर फाटतो.

सीलंट उन्हाने आटतं. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये दर महिन्याला कोर काढून बारीक केबल-टाय बुडवून बघा. कोरडा निघाला तर निम्मं माप घाला. एरवी तीन महिन्यांनी पुरे. कार्बन डायऑक्साइडच्या काडतुसाने लॅटेक्स सीलंटच्या गुठळ्या होतात, म्हणून घाईत ते वापरलंच तर घरी येऊन हवा बदला.

टायर उभा चिरला तर शेवटी ट्यूबच घालावी लागते. ती आणि पंप सोबत असू द्या. ट्यूबलेस व्हॉल्व्ह काढून खिशात ठेवा. ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून सावकाश हात फिरवा: सीलंटने गुपचूप बुजवलेले महिन्याभराचे सगळे काटे अजून तिथेच असतात, आणि ट्यूबला त्यातला एकच पुरतो.