पांढरा धूर निघतोय? पंपाआधी नोझल बघा

३१ जुलैच्या रात्री मुंबईच्या ससून डॉकवर माझा फोन थांबत नाही. दोन महिने पावसाळी मासेमारीबंदीत उभी असलेली बोट, सकाळी निघायचं, आणि इंजिन नुसता पांढरा धूर ओकतंय. नाखवा म्हणतो, डिझेलचा पंप गेला. पंप इतक्या सहज जात नाही हो.

आधी वास घ्या. डोळे चुरचुरले, डिझेलचा भपका आला, तर ते न जळलेलं डिझेल. वास नाही, नुसती वाफ आणि ती थांबतही नाही, तर आत पाणी जातंय. मग हेड गॅसकेटकडे, म्हणजे इंजिनाच्या हेडखालच्या पॅकिंगकडे वळा.

डिझेलच असेल तर डिझेलच्या लाइनमधली हवा काढा, बुडबुडे संपेपर्यंत. तरी धूर आहे? नोझल, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारं टोक, उतरवा आणि टेस्टरवर लावा, म्हणजे दाब देऊन फवारा बघायच्या हातपंपावर.

डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. दाबलेली हवा ५०० अंशांच्या वर तापते, डिझेल साधारण २१० अंशांना आपसूक पेटतं. पण थेंब आधी तापतो, त्याची वाफ होते, ती हवेत मिसळते, मगच पेट घेते. बारीक थेंबाला हे झटकन जमतं. जाड थेंब तसाच बाहेर पडतो, नाहीतर डिझेल साठून एकदम भडकतं. तोच तो ‘ठोका’.

म्हणून टेस्टरवर फवारा धुक्यासारखा हवा, आणि टोक कोरडं. एका बाजूला धार जात असेल किंवा थेंब लोंबत असेल, तर नोझल बाद. उघडायचा दाब इंजिनाच्या पुस्तकात बघा. जुन्या इंजिनांत बऱ्याचदा २०० बारच्या आसपास असतो.

फवाऱ्यासमोर हाताचं बोट न्यायचं नाही. डिझेल कातडी फोडून आत शिरतं, जखम टाचणीएवढी दिसते, आणि थेट ऑपरेशन. बिडीही लांब. बशीतलं डिझेल काडीने सहजी पेटत नाही, पण त्याचंच धुकं भप्पकन पेटतं. पोरगा असताना मी भुवया घालवल्यात, म्हणून सांगतो.

नोझल ठीक असूनही धूर असेल, तर कॉम्प्रेशन मोजा, म्हणजे आत हवा किती दाबली जाते ते. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की हवा पुरेशी तापतच नाही. स्टार्ट होत नाही म्हणून झटकन पेटणाऱ्या ईथरचा फवारा मारणारे खलाशी पाहिलेत. त्याने रिंगा मोडतात, मग आम्हा मेकॅनिकांचीच चांदी.

परत बसवताना तांब्याचा वॉशर नवा टाका. दहा-वीस रुपयांत कुठे जीव जातो?